एकाच घटनेच्या दोन तारखा का असतात आणि त्या पडताळायच्या कशा

प्रश्न असा आहे: औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७, तर दुसऱ्यात ३ मार्च १७०७ मिळते. रशियातल्या 'ऑक्टोबर क्रांती'चा वर्धापनदिन नोव्हेंबरात येतो. शिवजन्म कोणी १९ फेब्रुवारी १६३० सांगतो, कोणी १ मार्च. यातली खरी तारीख कोणती, आणि अभ्यासकाने ती स्वतः तपासायची कशी?

तिन्ही जोड्यांतल्या दोन्ही तारखा बरोबर आहेत. दिवस एकच आहे, फक्त तो दोन वेगळ्या दिनदर्शिकांत मोजला आहे. गफलत होते ती एका पद्धतीची तारीख दुसऱ्या पद्धतीच्या तारखेशेजारी ठेवून त्यावरून क्रम लावला की. म्हणून १५८२ ते १९२३ या काळातली कोणतीही तारीख हाती आली की आधी विचारायचे: ही कोणी लिहिली, आणि त्या माणसाच्या देशात त्या वर्षी कोणती दिनदर्शिका चालू होती?

मूळ कारण साधे आहे. ज्युलियस सीझरने घालून दिलेल्या जुन्या, ज्युलियन पद्धतीत दर चौथे वर्ष लीप, म्हणजे वर्षाची सरासरी लांबी ३६५.२५ दिवस. ऋतूंचे वर्ष त्यापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. इ.स. ३२५ च्या सुमारास २१ मार्चला येणारा वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, सोळाव्या शतकात ११ मार्चला येऊ लागला. ईस्टरचा दिवस संपातावरून ठरतो, त्यामुळे चर्चला हे सोसवेना. तेराव्या ग्रेगरी पोपने २४ फेब्रुवारी १५८२ रोजी फर्मान काढले. अलोइसियस लिलियस या वैद्याने आराखडा तयार केला होता, तो क्रिस्टोफर क्लॅव्हियस या जेझुइट गणितज्ञाने पुढे नेला. या नव्या, ग्रेगोरियन पद्धतीत गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला गेला. दहा तारखा गाळल्या, पण वार गाळला नाही. गुरुवारनंतर शुक्रवारच आला, आणि पुढची सगळी पडताळणी याच गोष्टीवर उभी आहे.

पुढे पुन्हा चूक साचू नये म्हणून नियम केला की शतकपूर्तीचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप. १६०० आणि २००० लीप. १७००, १८००, १९०० नाहीत. ज्युलियन पद्धतीत मात्र ही तिन्ही वर्षे लीपच राहिली, म्हणून दोन्हींमधले अंतर वाढत गेले: २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, तिथून १८०० पर्यंत ११, मग १९०० पर्यंत १२, आणि तेव्हापासून २१०० पर्यंत १३. पाठ करायची गरज नाही. वर्षाचे शतकी आकडे घ्या (१६७४ साठी १६), त्यातून त्यांचाच चौथा हिस्सा (अपूर्णांक सोडून) वजा करा, आणखी २ वजा करा. १६ − ४ − २ = १०. १७ − ४ − २ = ११. शतकपूर्तीच्या वर्षातले जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने आधीच्या शतकात धरायचे. १७०० मधल्या तारखा चुकतात त्या नेमक्या इथे.

आता कोण कधी वळले ते पाहू. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि बहुतेक इटालियन राज्ये ठरल्या दिवशीच वळली, फ्रान्स त्याच वर्षीच्या डिसेंबरात. नेदरलँड्समधले हॉलंड आणि झीलंड हे प्रांत लगोलग आले, पण उत्रेख्तसारखे प्रांत १७०० पर्यंत थांबले. प्रोटेस्टंट जर्मन राज्ये आणि डेन्मार्क १७०० मध्ये. ब्रिटन आणि त्याच्या वसाहती १७५२ मध्ये: बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर. रशियात बोल्शेविक सरकारने ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी आणली. म्हणून २५ ऑक्टोबर १९१७ ची क्रांती आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबरची. ग्रीस १९२३ मध्ये वळला. जपानने १८७३ मध्ये चांद्र-सौर पद्धत सोडून थेट नवी घेतली, त्यामुळे तिथे दहा-अकरा दिवसांचा हिशेब लावणे मुळातच चूक आहे.

स्वीडनची कहाणी वेगळीच. त्यांनी एकदम उडी न मारता १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवस गाळत जायचे ठरवले. १७०० चा गाळला, मग १७०४ आणि १७०८ चे गाळायचे राहून गेले. आता त्यांची तारीख ना ज्युलियनशी जुळे, ना ग्रेगोरियनशी. शेवटी १७१२ मध्ये फेब्रुवारीला एक जादा दिवस जोडून ते परत ज्युलियनवर आले आणि १७५३ मध्ये नीट वळले. त्यामुळे १७०० ते १७१२ मधल्या स्वीडिश कागदात ज्युलियन तारखेहून एक दिवस पुढची तारीख दिसते, आणि १७१२ च्या कागदात ३० फेब्रुवारी दिसली तर तो लेखनिकाचा प्रमाद नव्हे.

१७५२ मध्ये लंडनचे लोक 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत रस्त्यावर उतरले, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. अशा दंगलींचा समकालीन पुरावा नाही. ती समजूत मुख्यत्वे विल्यम होगार्थच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात दिसणाऱ्या घोषणेवरून पसरली. उत्तरपत्रिकेत ती 'दंगल' म्हणून लिहू नये.

दिवसांचा फरक लोकांना निदान ऐकून माहीत असतो. वर्षारंभाचा फरक मात्र जाणकारांनाही चकवतो. १७५१ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे २४ मार्च १६६३ नंतरचा दिवस २५ मार्च १६६४. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस इंग्रजी कागदात आपल्या समजुतीपेक्षा एक वर्ष मागे असतात. शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत स्वारीच्या इंग्रज वखारीच्या पत्रांवर 'जानेवारी १६६३' असते, आणि ते वर्ष आपले १६६४ असते. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद इंग्रजी कागदांत ३० जानेवारी १६४८ चा आहे. आपण १६४९ म्हणतो. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१ चा, आणि आज तो २२ फेब्रुवारी १७३२ धरतात. तिथे दिवस आणि वर्ष दोन्ही बदलले. सावध लेखनिक '१६६३/६४' अशी जोड लिहीत. छापील आवृत्तीत संपादकाने वर्ष आधीच दुरुस्त केले आहे का हे प्रस्तावनेत पाहिल्याशिवाय स्वतः एक वर्ष वाढवू नका. दोनदा दुरुस्त झालेल्या तारखा पुस्तकांत कमी नाहीत.

याच पत्रांत महिन्याचे नाव '७बर', '८बर', '९बर', '१०बर' असे आखडून लिहिलेले सापडते. '८बर' म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. ही नावे लॅटिन सात, आठ, नऊ, दहा यांवरून आली आहेत.

मिसळलेल्या तारखांवरून काय घोटाळा होतो याचे १६८८ हे उत्तम उदाहरण. ऑरेंजचा विल्यम इंग्लंडचे सिंहासन घ्यायला ११ नोव्हेंबरला हॉलंडहून निघाला आणि ५ नोव्हेंबरला टॉरबेला उतरला. निघण्याआधी सहा दिवस पोहोचला! पहिली तारीख डच, दुसरी इंग्रजी. एकाच पद्धतीत आणली की ११ ला निघून १५ ला पोहोचला असा सरळ क्रम लागतो. गॅलिलिओ ज्या वर्षी गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही असेच. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ ज्युलियन, म्हणजे ४ जानेवारी १६४३. एका मापाने मोजले तर वर्ष एक राहत नाही. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन सर्वांतेस आणि शेक्सपिअर यांच्या १६१६ मधल्या मृत्युदिनाशी जोडला जातो, पण शेक्सपिअरची २३ एप्रिल स्पेनच्या हिशेबाने ३ मे होती.

आता आपल्या कागदांकडे. सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर दोन्ही पद्धती शेजारी नांदत होत्या. गोवा, चौल, वसईचे पोर्तुगीज ग्रेगोरियन लिहीत. डच कंपनी आणि फ्रेंचही ग्रेगोरियन. सुरत-मुंबईचे इंग्रज ज्युलियन. एकाच घटनेचे इंग्रजी आणि डच वृत्तांत दहा दिवसांच्या अंतराने मिळाले तर त्या दोन घटना समजू नका. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वसईच्या किल्ल्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते: तहाची तारीख कुठे ५ मे १७३९, कुठे १६ मे १७३९, पोर्तुगीज बाहेर पडले ती तारीख कुठे १२ मे, कुठे २३ मे. दोन्ही जोड्यांत अंतर बरोबर अकरा दिवसांचे, आणि १७३९ ला सूत्रही अकराच देते. अंतर असे नेमके आले की खात्री बाळगा, घटना एकच आहे. अंतर नऊ किंवा बारा आले तर कुणाचा तरी कागद तपासावा लागेल.

शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपल्याकडे रूढ आहेत, त्या जवळजवळ सगळ्या ज्युलियन आहेत. १९ फेब्रुवारी १६३०, १० नोव्हेंबर १६५९, ६ जून १६७४, ३ एप्रिल १६८०. ग्रेगोरियनमध्ये याच अनुक्रमे १ मार्च, २० नोव्हेंबर, १६ जून आणि १३ एप्रिल होतात. उलट पानिपतची १४ जानेवारी १७६१ ग्रेगोरियन आहे, कारण तोवर इंग्रज वळले होते. त्यात पुन्हा अकरा मिळवू नयेत.

हे मानण्यावाचून गत्यंतर नाही असे नाही, वारावरून कोणालाही तपासता येते. ग्रेगोरियन पद्धतीत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांचे बरोबर २०,८७१ आठवडे भरतात. म्हणून १६३० ची ग्रेगोरियन दिनदर्शिका आणि २०३० ची दिनदर्शिका वारांसकट एकच. कृती अशी: ज्युलियन तारखेत दहा किंवा अकरा दिवस मिळवा, वर्षात ४०० मिळवा, आणि मोबाइलच्या कॅलेंडरवर ती तारीख उघडा. १९ फेब्रुवारी १६३०, म्हणजे १ मार्च १६३०, म्हणून १ मार्च २०३० पाहा: शुक्रवार. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या शकवार घटनांच्या नोंदीत) शिवजन्माची नोंद शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. जुळले. अफझलखानाचा वध मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवारचा. २० नोव्हेंबर २०५९ ला गुरुवारच येतो. महाराजांचे निधन चैत्र शुद्ध १५, शनिवारचे. १३ एप्रिल २०८० शनिवार आहे. दहा दिवस न मिळवता थेट १९ फेब्रुवारी २०३० पाहिले तर मंगळवार निघतो आणि कागदच खोटा वाटू लागतो. मूळ कागदात वार दिला असेल तर तो कधीही गाळू नका. तिथी वाचताना लेखनिक चुकू शकतो, वर्षाचा आकडा पुसट असू शकतो, पण वार सहसा बरोबर असतो.

राज्याभिषेकाची नोंद जरा थांबून पाहण्यासारखी आहे. जेधे शकावली शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार सांगते, आणि तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले असे म्हणते. आपण मात्र ६ जून १६७४ धरतो, तिथी ज्येष्ठ शुद्ध १३, आणि वरच्या कृतीने १६ जून २०७४ पाहिले तर शनिवार येतो. विसंगती वाटते, पण नाही. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. एक घटका २४ मिनिटांची. तीन घटका म्हणजे सूर्योदयापूर्वी ७२ मिनिटे. त्या क्षणी पंचांगाने शुक्रवारच चालू होता, युरोपीय घड्याळाने शनिवार लागून काही तास झाले होते. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन त्या दिवशी सकाळी दरबारात गेला आणि त्याच्या रोजनिशीत ६ जून आहे, जुन्या पद्धतीची. एकाला शुक्रवारची उत्तररात्र, दुसऱ्याला शनिवारची सकाळ, आणि दोघेही अचूक. पहाटेच्या घटना, रात्रीचे हल्ले, सुलतानढवे यांच्या तारखांत असा एक दिवस नेहमी हाताशी ठेवावा.

तिथीवरून तारीख काढताना शकात चैत्र ते डिसेंबरसाठी ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवतात. १५५१ चा फाल्गुन म्हणून १६३०, १६२९ नव्हे. दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला; शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच राहते, वद्य पक्षाचे बदलते. आपला फाल्गुन वद्य म्हणजे उत्तरेचा चैत्र वद्य. राजस्थानी किंवा दिल्लीकडचा कागद हाताळताना हे विसरले तर थेट महिनाभराची चूक होते. तिथीचा क्षय (गळणे) आणि वृद्धी (वाढणे) असल्यामुळे नुसत्या बेरजेने दिवस काढता येत नाही, त्यासाठी जंत्री, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी देणारा तक्ता, हवी. जंत्री उघडली की आधी तिची प्रस्तावना वाचा: ती १५८२ ला वळते की १७५२ ला हे कळल्याशिवाय तिच्यातला आकडा उचलू नका. १९५७ पासूनचे भारत सरकारचे राष्ट्रीय शके सौर आहे. त्याचा चैत्र आणि पंचांगाचा चैत्र वेगळे.

मराठी कागदांत शकापेक्षाही शुहूर सन जास्त भेटतो. तो अंकांत नसतो, अरबी संख्यानामांत असतो: एकक आधी, मग दशक, मग मया म्हणजे शंभर, शेवटी अलफ म्हणजे हजार. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकांत अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. वर्ष मृग नक्षत्र लागल्यावर सुरू होते. हल्ली तो दिवस ७ जूनच्या आसपास असतो, शिवकाळात ज्युलियन तारखेने मेअखेरीकडे. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा महिना जानेवारी, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. मोडी वाचताना 'सलास' आणि 'सलासीन', 'सीत' आणि 'सितैन' यांची अदलाबदल सर्रास होते. दोन संख्यानामांची जागा पाहा: पहिले एकक, दुसरे दशक.

हिजरीत वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. अंदाजासाठी हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १११८ साठी उत्तर १७०६ च्या मध्यापाशी येते, आणि जिल्काद हा अकरावा महिना असल्यामुळे २८ जिल्काद पुढच्या वर्षात, १७०७ मध्ये जातो. ही औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख. इंग्रजी जुन्या पद्धतीने २० फेब्रुवारी, नव्याने ३ मार्च. इथे दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि चंद्रदर्शनामुळे एक दिवस इकडेतिकडे होतो. ऑनलाइन हिजरी गणकयंत्रे बहुधा ग्रेगोरियन उत्तर देतात. ते शिवकाळाच्या रूढ इंग्रजी तारखेशेजारी ठेवायचे तर आधी दहा दिवस वजा करा.

संगणकावर नोंदी करणाऱ्यांसाठी थोडे. एक्सेल १ जानेवारी १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, वर १९०० मध्ये नसलेली २९ फेब्रुवारी दाखवते. युनिक्सच्या 'कॅल' आज्ञेत सप्टेंबर १७५२ मागितला तर २ नंतर १४ येते, म्हणजे ती इंग्रजी हिशेबाने चालते. उलट, आंतरराष्ट्रीय मानक वापरणारे डेटाबेस ग्रेगोरियन पद्धत १५८२ च्या मागेही ताणतात. दोघांत एकच तारीख टाकली तर वार वेगळे मिळतील. म्हणून तक्त्यात चार रकाने ठेवा: मूळ कागदातला मजकूर (अक्षरशः, वारासकट), मूळ पद्धतीचे नाव, ज्युलियन तारीख, ग्रेगोरियन तारीख. तारखा मजकूर म्हणून साठवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, एकेरी आकड्याआधी शून्य देऊन, म्हणजे क्रमवारी बिनचूक लागते. क्रमवारी नेहमी ग्रेगोरियन रकान्यावर लावा. लेखात मात्र रूढ तारीखच द्या, आणि पहिल्या उल्लेखाला 'जुनी पद्धत' किंवा 'नवी पद्धत' असे जोडा: ६ जून १६७४ (जुनी पद्धत, नवी १६ जून).